काठी गोइंग

तळोद्याच्या स्टँडवरून रमजानची जीप रोज दुपारी डोंगरातल्या काठी गावाला निघायची. म्हणजे निघायची असं रमजान म्हणायचा. त्याचं म्हणणं आणि जीपचं चाक यांच्यात तास-दीड तास सहज जायचा, आणि त्या तास-दीड तासावर निम्म्या स्टँडचं पोट चालायचं. पितांबरचा चहा त्यातच खपायचा, पलीकडच्या बाईचे फुटाणे त्यातच संपायचे, आणि सातपुड्यातून बाजाराला उतरलेली माणसं राहिलेलं मीठ, बोंबील, साबण त्यातच घेऊन टाकायची. जीप सांगितल्या वेळेला निघाली असती तर बाजाराची घडीच विस्कटली असती.

पूर्वी तो नुसता "निंघी ऱ्हायनी, निंघी ऱ्हायनी" असं ओरडायचा. मग एका वर्षी काठीची होळी बघायला एक गोरा पाहुणा आला. गळ्यात हा एवढा कॅमेरा, पाठीवर त्याहून मोठं बोचकं. जीपमध्ये बसून त्याने विचारलं, "गोइंग?" रमजानला इंग्रजीचा गंध नव्हता. पण जो माणूस उभा जन्म एकच प्रश्न ऐकत आला, त्याला तो कुठल्याही भाषेत कळतो. "गोइंग, गोइंग," तो म्हणाला. पाहुणा घामाघूम होत बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने पुन्हा विचारलं आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही. खाली उतरून पितांबरचा चहा घेतला, इकडेतिकडे बघून व्यवहार समजून घेतला, आणि रमजानशेजारी उभा राहून स्वतःच हाळी द्यायला लागला, "काठी गोइंग, काठी गोइंग." त्या दिवशी जीप बघता बघता भरली. गोरा होळी बघून आपल्या देशी गेला आणि शब्द तळोद्याला राहिला.

गोइंगचेही प्रकार होते, आणि ते डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही कळायचे. रमजान जीपला टेकून, दात कोरत गोइंग म्हणाला, तर खुशाल घरच्या सगळ्यांचे कपडे घेऊन या. इंजिन सुरू करून म्हणाला, तर चहा उभ्याने प्या. जीप दोन हात पुढे नेऊन तेवढीच मागे आणत म्हणाला, तर मात्र गाठोडं उचलायचं, कारण आता एक-दोनच सीट उरल्या. आणि सगळ्या भरल्या की तो काही म्हणतच नसे, मुकाट्याने गाडी काढायचा. थोडक्यात, जीप जायची तेव्हा गोइंग नसायचं आणि गोइंग असायचं तेव्हा जीप जायची नाही.

एवढा सोयीचा शब्द स्टँडवर किती दिवस टिकणार? तो गावात शिरला. "तुन्हा पोऱ्या शाळेत गया का?" असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "गोइंग शे." म्हणजे पोऱ्या अजून अंथरुणात आहे. पितांबरच्या भाच्याचं लग्न दोन वर्षं गोइंग होतं. एका कचेरीतल्या साहेबांनीही म्हणे एका म्हाताऱ्याला सांगितलं, बाबा, तुमचं काम गोइंग आहे. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि पुढच्या महिन्यात यायचं ठरवून घरी गेला. कुणाची फसवणूक नव्हती. ज्याला त्याला बरोबर कळत होतं.

रमजानच्या घरीही कळत होतं. बायको चांदबी फोन करायची, "किधर हो?" हा म्हणायचा, "निकल गया, गोइंग." त्यावर चांदबी तांदूळ धुवायलाही उठत नसे. शेजारणीशी बोलत आणखी निवांत बसायची.

म्हणून रमजान लबाड होता असं मात्र कुणी समजू नये. डोंगरातली माणसं त्याच्या हाती काय काय द्यायची. दवाखान्यातल्या लेकराचं औषध, मोडायला दिलेली चांदीची साखळी, सासरी गेलेल्या पोरीसाठी महूची फुलं, आणि निरोप तर रोजचेच. एकाचं दुसऱ्याला गेलं नाही, की वाटेत हरवलं नाही. तो शब्दाचा पक्का माणूस होता. हा एक शब्द तेवढा सोडून.

जीप संध्याकाळी काठीला पोचायची, रात्री तिथेच मुक्काम करायची आणि सकाळी माणसं घेऊन खाली यायची. काठीच्या अलीकडे महूफाटा म्हणून एक फाटा आहे. तिथून पायवाट वर पाड्याकडे जाते. भादव्यातल्या एका संध्याकाळी, जीप वर जात असताना, त्या फाट्यावर दोघी उभ्या दिसल्या. एक फुलीबाई, रमजानची जुनी गिऱ्हाईक. दुसरी तिची मुलगी सुनिता. सुनिता आश्रमशाळेत बारावी झाली होती आणि चार महिन्यांपासून नंदुरबारच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागायची वाट बघत होती.

"चाचा, सकाळले किती वाजता?" सुनिताने विचारलं.

"सहाले गोइंग," रमजान सवयीने म्हणाला.

फुलीबाई हसली. सुनिता हसली नाही. ती खिडकीशी आली. "चाचा, मन्हा नंबर लागना. दुपारले मोलगी गावले गयी व्हतू, तठे फोनले रेंज उनी तवय कळनं. उद्या अकराच्या आत कागदं लई हजर व्हा म्हने, नही तं जागा दुसरीले."

रमजानने इंजिन बंद केलं. एवढं तरी त्याने केलं.

"तिन्हा बाप खापर गावले गयेल शे, मुकादमकडे," फुलीबाई म्हणाली. "उसना कोयता ठरी ऱ्हायना. उद्या हिन्हं काम नही व्हयनं, तं हिन्हं नाव बी तो दी टाकी."

यात समजावण्यासारखं काही नव्हतं. फुलीबाई आणि तिचा नवरा दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला जायचे, ते थेट होळीच्या तोंडावर परतायचे. एकदा का पोरीच्या हातात कोयता गेला की पुढे तो सुटत नाही, हे फुलीबाईला स्वतःच्या हातावरून माहीत होतं. आणि सकाळी काठीहून खाली उतरणारी पहिली गाडी रमजानची. ती नेहमीसारखी दीड तास गोइंग राहून, वाटेत हात दाखवेल त्याला घेत गेली, तर तळोद्यालाच अकरा वाजतात. नंदुरबार त्याच्याही पुढे.

रमजानने छातीवर हात ठेवला. "सहाले म्हंजे सहाले. गाडी रिकामी तं रिकामी. गोइंग म्हंजे गोइंग."

"हाव, हाव," फुलीबाई म्हणाली. दारावर आलेल्या फेरीवाल्याला म्हणतात तसं.

ते 'हाव, हाव' रमजानला लागलं. काठीपर्यंतच्या सगळ्या वळणांवर ते त्याच्या कानात वाजत होतं. उद्या दाखवतोच, असं त्याने मनाशी ठरवलं आणि तो रोजच्यापेक्षा लवकर झोपला.

सकाळी काठीवर धुकं उतरलं होतं. तळोद्याचा बाजार होता, म्हणजे माणसांना तोटा नव्हता. रमजानने सहाच्या सुमाराला इंजिन सुरू केलं आणि हाळी दिली, "गोइंग, तळोदा गोइंग." आयुष्यात पहिल्यांदा तो हा शब्द मनापासून म्हणत होता, पण शब्दाला ते कुठे ठाऊक? पलीकडच्या अंगणात दातण करणाऱ्या माणसाने हात हलवला, "ऱ्हाऊ दे, मी जेवीसन येस." एक म्हातारी आली, जागा धरायला आपलं गाठोडं सीटवर ठेवलं आणि शेळीचं दूध काढायला परत घरी गेली. रमजानने हॉर्न दिला. कुत्री भुंकली. माणसांपैकी कुणी हललं नाही.

मग त्याने म्हाताऱ्या बाईचं गाठोडं उचलून ओट्यावर नीट ठेवलं, पहिला गिअर टाकला आणि निघाला. दातणवाला दातण तोंडात धरून बघत राहिला. जीप पुढे जाऊन आता मागे येईल, मग येईल, असं म्हणत तो वळणापर्यंत आला, आणि जीप वळणाआड गेली तेव्हा त्याने दातण काढून विचारलं, "कोन मरनं का?" रमजान वेळेवर निघतो म्हणजे तळोद्याला त्याच्या घरी काहीतरी वाईट झालं असणार. काठीत त्या सकाळी हीच बातमी पसरली, आणि दोन-तीन बायांनी तर चांदबीचं नाव घेऊन डोळेही पुसले.

इकडे रमजान खुशीत होता. रिकामी जीप कशी वाजते हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. मागचा पत्रा एका सुरात, दरवाजा दुसऱ्या. धुक्यातून तो एकटाच चालला होता आणि फुलीबाईचा चेहरा कसा होईल याचं चित्र रंगवत होता. ती तोंडावर पदर धरून म्हणेल, खरंच उना रे. मग आपण काहीच म्हणायचं नाही, दरवाजा उघडायचा फक्त. हे त्याने दोन वेळा मनात घोळवूनही पाहिलं.

महूफाट्यावर कुणी नव्हतं.

त्याने जीप कडेला घेतली आणि हॉर्न दिला. थांबला. पुन्हा दिला. फाट्यावर फोन लागत नाही, लागला असता तरी सुनिताच्या फोनला पाड्यावर रेंज नाही. जीपमध्ये बसून वाट बघणं कसं असतं हे रमजानला माहीतच नव्हतं, तो नेहमी जीपच्या बाहेर असायचा. सीट एवढी टोचते, हेही त्याला आजच कळलं. पाड्याकडची वाट धुक्यात गेली होती आणि तिच्यावरून कोंबडीसुद्धा येत नव्हती. ज्या पोरीची जागा अकराला दुसरीला जाणार, ती पोर अजून झोपली असेल का? शेवटी तो उतरला आणि गुडघ्यांना शिव्या देत पायवाट चढायला लागला.

फुलीबाईच्या घराचं दार ओढून घेतलेलं होतं. चूल थंड. बाजूच्या ओट्यावर खाटेवर तिचा सासरा उखा घोंगडी पांघरून बसला होता. त्याने रमजानला ओळखलं आणि चकित झाला.

"तू आठे कसा?"

"सुनिता कथी गयी?"

"दोन्ही मायलेकी पाड्यापाड्यामां फिरी ऱ्हायन्यात," उखा म्हणाला. "अंधारमांच गयात. तुन्हासाठे सीट गोळा कराले."

रमजानला आधी समजलंच नाही. उखाने शांतपणे उलगडून सांगितलं. फुलीबाईने रात्रीच हिशेब मांडला होता. रमजान भला माणूस आहे, पण त्याची गाडी भरल्याशिवाय हलत नाही, हे काही आजचं नाही. काठीहून चार-पाच माणसं घेऊन निघालाच, तरी उरलेल्या सीटसाठी वाटेत थांबत बसणार. त्यापेक्षा आपणच इथे एवढी माणसं उभी करू की गाडी फाट्यावर आली की भरलीच. मग त्याला थांबायला कारणच उरणार नाही. पोरगी शिकली ती उगाच नाही, माय हुशार आहे तिची, असंही उखाने वर जोडलं.

रमजान ओट्यावर बसला. त्याला राग आला. मग राग ओसरला आणि लाज वाटली. या बाईने साखळी मोडायला दिली होती ती त्याच्या हातात, पावती न मागता. थोरल्या लेकीचं लेकरू आजारी होतं तेव्हा त्याला एकट्याला रमजानच्या जीपमध्ये घालून दवाखान्यात पाठवलं होतं. सगळा जीव त्याच्या हवाली करणारी बाई, आणि त्याच्या एका शब्दावर विसंबून पोरीला फाट्यावर उभी करायला तयार नाही. त्यापेक्षा अंधारात काट्याकुट्यातून चार पाडे फिरणं तिला भरवशाचं वाटलं. आणि तिचं चुकलं कुठे, हे काही त्याला सांगता येईना.

त्या आल्या तेव्हा धुकं विरायला लागलं होतं. पुढे फुलीबाई, मागे सुनिता कागदांची पिशवी छातीशी धरून, आणि त्यांच्या मागे ही लांबलचक वरात. एकाला वर्षभरापासून दाढ काढायची होती आणि वर्षभरापासून तो घाबरत होता, त्याला फुलीबाईने आज धीर दिला होता. एका नव्या जोडप्याला फोटो काढायचा होता. एक बाई दोन कोंबड्या घेऊन आली होती, एक माणूस बोकड. दोघा-तिघांना तळोद्याला काहीही काम नव्हतं. फुलीबाईने बोलावलं म्हणून ते आले होते.

रमजानला ओट्यावर बघून फुलीबाई थबकली.

"आठ-नऊ जन लई उनू, भाऊ," ती धापा टाकत म्हणाली. "काठीथून तुन्ह्या चार-पाच तं व्हतीनच. भरायनी. आते तं निंघ."

"फुलीबाई, मी रिकामाच निंघी उनू. सहाले."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने काळजीने विचारलं, "काबरं? गाडी बिघडनी का?"

सुनिताला मात्र कळलं. तिने आईकडे पाहिलं, रमजानकडे पाहिलं, आणि ती वळून फाट्याकडे पळत सुटली. तिच्या मागे बोकडवाला, बोकड, जोडपं, कोंबड्या. दाढवाला सगळ्यांत शेवटी होता. ही जीप निघूच नये असं वाटणारा तिथे तो एकटाच असावा.

उशीर झाला होता, पण किती झाला हे बघायला रमजानने घड्याळाकडे पाहिलंच नाही. त्याने गाडी सोडली. घाटात माणसं उभी होती, बाजाराचा दिवस, वळणावळणावर हात वर होत होते. हात दिसला की रमजानचा पाय आपोआप ब्रेककडे जायचा, इतक्या वर्षांचा पाय तो. पुढच्या सीटवर बसलेली सुनिता दर वेळी त्या पायाकडे बघायची आणि हळूच म्हणायची, "चाचा, भरेल शे." आणि खरंच जीप भरलेली होती. थांबायला कारणच नव्हतं. फुलीबाईचा हिशेब चुकला होता आणि तरी बरोबर आला होता. रमजान रिकामा राहिला असता तर त्या हातांपुढे त्याचा पाय टिकला असता की नाही, हे खुदाला ठाऊक. त्याने नंतर पितांबरला सांगितलं, टिकला नसता.

तळोद्याच्या स्टँडवर जीप आली तशी पितांबर चहाची किटली घेऊन उभाच राहिला. एवढ्या सकाळी रमजान त्याने कधी पाहिलेला नव्हता. रमजानने गाडी हळू केली आणि मागे वळून म्हणाला, "उतरा बरं पटकन. हिले मी नंदुरबारलगून सोडी येस."

कुणी उतरेना. फुलीबाई म्हणाली, आते इतला लगून उनात. जोडप्याचं म्हणणं पडलं, नंदुरबारला फोटो जास्त चांगला निघतो. बोकडवाल्याने काहीच कारण दिलं नाही. राहिला दाढवाला. त्याचा दवाखाना तळोद्याला होता, आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"दात नंदुरबारले बी निंघस," तो म्हणाला.

तेव्हा कॉलेजच्या फाटकावर जी जीप उभी राहिली तिच्यातून एक मुलगी, तिची आई, आठ-नऊ माणसं, दोन कोंबड्या आणि एक बोकड उतरलं. रखवालदाराने वरपासून खालपर्यंत सगळ्यांना पाहिलं आणि विचारलं, "मुलीचे पालक कोण?" सगळेच पुढे झाले. रमजानही झाला. रखवालदार बोकडाला तेवढा बाहेर ठेवा म्हणाला, आणि अकरा वाजायला थोडा वेळ असताना सुनिता आईला घेऊन आत गेली.

बाकीचे फाटकाबाहेर बसले. समोर चहाची टपरी होती, रमजान तिकडे फिरकला नाही. मध्येच चांदबीचा फोन आला. "किधर हो?" "नंदुरबार में. खड़ा हूँ," तो खरं ते बोलला. "अच्छा, अच्छा," चांदबी म्हणाली. तो अजून काठीतच आहे असं तिने धरलं आणि फोन ठेवला.

सुनिता बाहेर आली ती चालत आली, पळत नाही. म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. जवळ येऊन ती म्हणाली, "लागना. जागा भेटनी." फुलीबाई तिच्या मागे होती. आत जे बोलणं झालं ते शाळेच्या मराठीत झालं होतं, त्यातलं तिला निम्मंच कळलं होतं. तिने लेकीला पुन्हा विचारलं, "मंग आते उसले नही ना जानं?"

"नही, माय."

फुलीबाई तिथेच खाली बसली आणि रडली. रस्त्यावर, लोकांदेखत, पदर तोंडाला न लावता. दाढवाल्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या आनंदात कुणाच्या लक्षात आलं नाही की तो तशीच दाढ घेऊन परत जीपमध्ये येऊन बसला.

परतताना सुनिता झोपली. फुलीबाई मधल्या सीटवरून रमजानच्या मानेकडे बघत होती. शेवटी रमजानने मनातलं काढलंच. "तुले मन्हं खरं नही वाटनं ना काल?"

फुलीबाईने सरळ सांगितलं. "तुन्हं खरं वाटस, भाऊ. तुन्हा हातमां पोर देसू मी. ते गोइंग म्हनस ना तू, ते खरं नही वाटत."

"आते?"

"आते पाहू," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

पुढच्या आठवड्यात सुनिताला वसतिगृहात राहायला जायचं होतं. रमजानने आदल्या संध्याकाळी निरोप ठेवला, सहाले. एवढंच. गोइंग नाही की काही नाही. सकाळी काठीत चार-पाच माणसं धावतपळत आली, त्यात दातणवालाही होता, दातणासकट. बाकीचे मागे राहिले आणि त्यांनी मागून शिव्या घातल्या. रमजानने अर्धी गाडी घेऊन घाट धरला. फुलीबाई या खेपेला किती माणसं गोळा करते, याची त्याला धाकधूक होती. वरात दिसली तर वाईट वाटेल, हे त्याला आधीच कळत होतं.

महूफाट्यावर दोघीच उभ्या होत्या. पायाशी पत्र्याची पेटी, तिच्यावर गुंडाळलेली वाकळ. वाकळीवर दव पडलं होतं, म्हणजे त्या कधीच्या येऊन उभ्या असणार. बाकी रस्ता मोकळा. एक माणूस नाही, कोंबडी नाही. रमजानला काहीतरी बोलायचं होतं, पण बोलायला त्याच्याकडे एकच शब्द होता आणि तो आज नको होता. त्याने उतरून पेटी टपावर चढवली आणि दोरी आवळली.

सुनिता पुढच्या सीटवर बसली. फुलीबाई दाराशी उभी राहून तिची ओढणी नीट करत होती. नीट झालेली पुन्हा नीट करत होती. मग सुनिताने एक पाय खाली टाकला, उगाच, दगडाला लावून ठेवला. वसतिगृहात पंखा आहे, दोन वेळा जेवण आहे, हे सगळं तिला माहीत होतं. तरी तो पाय आत येईना.

रमजानला ते बघवेना. त्याने इंजिन बंद केलं. "बसा जराशी," तो म्हणाला. "मांगे चार सीट खाली शेत. कोणी येस का पाहू. घाई नही."

मागच्यांपैकी कुणी कुरकूर केली नाही. दातणवाला तर बिडी काढायला लागला.

फुलीबाई जीपला वळसा घालून रमजानच्या खिडकीशी आली. आवाज खाली ठेवून, लेकीला ऐकू जाणार नाही असं बोलली.

"आज भराची वाट नको पाहू, भाऊ. तू थांबशी तं ती उतरी जाई."

रमजानचा हात चावीवर गेला.

"ती नही उतरनी तं मी उतारी लेसू," ती म्हणाली. "जाय."

त्याने चावी फिरवली. सुनिताने पाय आत घेतला आणि दार ओढलं. चार सीट रिकाम्या ठेवून रमजानने गाडी काढली. वळण येईपर्यंत त्याने आरशात पाहिलं नाही. सुनिता पाहत होती, तिला पाहू दिलं.